कादंबरीची बेगमी

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहून पुरी करावयाची, असा एक उपक्रम अमेरिकेत १९९९ साली निघाला, बघता बघता जगभर पसरला, आणि त्याची चालक संस्था बंद होत असल्याचे ३१ मार्च २०२५ रोजी जाहीर होऊन निदान दप्तरी तरी संपला. 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' हे त्याचे कागदोपत्री नाव; बोलण्यात सगळे त्याला 'नॅनोरायमो' म्हणत. ज्यांचा त्याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांना तो पोरखेळ वाटतो, आणि ज्यांनी एकदा तरी तो पार पाडला त्यांतील पुष्कळांना, आपण ज्यात रोज न चुकता लिहिले असा आयुष्यातला तो एकच महिना, म्हणून त्याच्याविषयी हळवेपणा वाटतो. दोन्ही पक्षांची नजर त्या तीस दिवसांवरच खिळलेली असते. माझ्या मते त्या तीस दिवसांचा निकाल बहुतांशी त्यांच्या आधीच लागलेला असतो, आणि म्हणून हा लेख मुख्यतः त्या आधीच्या काळाविषयी आहे.

मूळ हकीकत अशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस बेटी नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने १९९९च्या जुलैत आपल्या मित्रमंडळींना गोळा करून महिनाभरात कादंबरी लिहिण्याची टूम काढली. माणसे जमली एकवीस, त्यांतली सहा शेवटाला पोचली. पन्नास हजार हा आकडा कोणत्याही साहित्यशास्त्रातून आलेला नव्हता. बेटीने आपल्या फळीवरची सर्वांत बारीक कादंबरी उचलली, ती हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' निघाली, तिच्या शब्दांचा ढोबळ अंदाज केला आणि तोच आकडा कायम झाला. दुसऱ्या वर्षी, बाहेरची हवा वाईट असली म्हणजे माणूस घरात बसून लिहील या व्यवहारी विचाराने, जुलै सोडून नोव्हेंबर धरला. त्या वर्षी एकशे चाळीस जण आले. तिसऱ्या वर्षी दीडशेच्या आसपास येतील या हिशेबाने तयारी केली, तर पाच हजार आले. पुढे रीतसर संस्था झाली, शाळांतील मुलांसाठी वेगळी शाखा निघाली, आणि गावोगावी संस्थेचे बिनपगारी मुतालिक नेमले गेले, जे नोव्हेंबरात एखाद्या कॉफीच्या दुकानात किंवा ग्रंथालयात आपल्या गावच्या स्पर्धकांना एकत्र बसवून लिहिते करीत.

या उपक्रमाचे नियम थोडे होते, पण त्यांत एक फार शहाणपणाचा होता. महिन्याची पहिली तारीख उजाडण्यापूर्वी कादंबरीतील एकही वाक्य लिहिलेले असता कामा नये. परंतु टाचणे, आराखडे, पात्रांच्या कुंडल्या, स्थळांचे नकाशे, संदर्भग्रंथांतील उतारे यांचा साठा मात्र स्पर्धकाने आधी वाटेल तितका करावा, त्याला मुभा होती. परीक्षक कोणी नव्हता. लिहिलेले कोणी वाचत नसे. शेवटी शब्दसंख्येची रुजुवात होई आणि पन्नास हजार भरले की प्रमाणपत्र मिळे. एकच शब्द पन्नास हजार वेळा लिहून पाठविणाऱ्यालाही ते मिळालेच असते, कारण फसवून फसवायचे कोणाला, तर स्वतःलाच. अशा स्पर्धेत शिस्तीखेरीज जिंकण्यासारखे दुसरे काहीही नसते, आणि शिस्त ही ज्याच्याजवळ साठा आहे त्यालाच परवडते. ज्याच्यापाशी सांगण्याजोगे काही साठलेले नाही त्याला पहाटे चार वाजता उठवून टेबलाशी बसविले तरी तो पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे काय करणार? आपल्याकडे मिरगाचा पाऊस लागण्यापूर्वी लाकूडफाटा, पापड, मिरची, धान्य यांची बेगमी करून ठेवतात आणि मग चार महिने ज्याच्या त्याच्या कामाला लागतात. लेखनाच्या या महिन्याचेही तंत्र काही निराळे नाही.

स्वतः बेटीचा कल मात्र फार आखणी करू नये असाच होता. २००४ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'नो प्लॉट? नो प्रॉब्लेम!' असे आहे. तरीही त्या पुस्तकात त्याने वाचकाला दोन याद्या करावयास लावल्या आहेत: वाचक म्हणून आपल्याला कादंबरीत काय काय आवडते त्यांची एक, आणि काय काय कंटाळवाणे वाटते त्यांची दुसरी. दुसऱ्या यादीचा उपयोग पहिल्यापेक्षा अधिक, असे माझे मत आहे. कारण जे वाचताना आपण पाने उलटतो तेच लिहायला बसल्यावर मोठ्या गांभीर्याने लिहू लागतो. पुढे स्पर्धकांत दोन तट पडले. आराखडा करून उतरणारे ते 'प्लॉटर', आणि बिनआराखड्याने उडी घेणारे ते 'पॅन्टसर'. ऑक्टोबर महिना तयारीचा म्हणून त्याला 'प्रेपटोबर' असे नाव पडले आणि त्याच्या वह्या, तक्ते, तयार नमुने यांचा एक छोटा बाजारही उभा राहिला. या दोन तटांचा वाद मला बव्हंशी पोकळ वाटतो. आराखडा न करणाराही रिकाम्या हाताने येत नाही. त्याचा साठा कागदावर नसतो इतकेच.

याचा सर्वांत बोलका दाखला या उपक्रमाच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचा आहे. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या बंद पडलेल्या मासिकाची देणी स्वतःच्या शिरावर घेतलेला फ्योदोर दस्तयेवस्की १८६५च्या उन्हाळ्यात इतका नडलेला होता, की सेंट पीटर्सबर्गच्या स्तेल्लोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने एक विलक्षण करारनामा केला. तीन हजार रूबल घेऊन त्याने आपल्या समग्र वाङ्मयाच्या एका आवृत्तीचे हक्क दिले. शिवाय १ नोव्हेंबर १८६६पर्यंत एक नवी कादंबरी हवाली करण्याचे कबूल केले, आणि ही मुदत टळल्यास पुढील नऊ वर्षे आपण जे जे लिहू ते ते प्रकाशकाने एक कोपेकही न देता छापावे, असे कलम मान्य केले. दस्तयेवस्कीच्या हुंड्या आधीच दुसऱ्यांच्या नावे विकत घेऊन ठेवणारा हाच गृहस्थ असल्यामुळे दिलेल्या रकमेतला बराच भाग फिरून त्याच्याच तिजोरीत गेला, असे पुढे त्याची पत्नी आन्ना हिने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

मुदत जवळ येत होती. १८६६चे वर्ष 'क्राइम अँड पनिशमेंट'चे हप्ते मासिकाला पुरविण्यात चालले होते, आणि ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची एक ओळही कागदावर नव्हती. मिल्युकोव्ह नावाच्या स्नेह्याने सुचविले की चार मित्रांनी एकेक प्रकरण वाटून घ्यावे आणि कादंबरी उरकून टाकावी. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालण्यास दस्तयेवस्कीने साफ नकार दिला. तेव्हा त्याच स्नेह्याने लघुलेखकाची तजवीज सुचविली, आणि लघुलेखनाच्या वर्गातील वीस वर्षांची विद्यार्थिनी आन्ना स्नीत्किना ४ ऑक्टोबर रोजी, नव्याने खरेदी केलेल्या पेन्सिली घेऊन, त्याच्या दारात उभी राहिली. परीक्षा म्हणून त्याने एका मासिकातला उतारा भराभर वाचून दाखविला. तिने तो उतरवून, साध्या लिपीत करून दिला. आणि ज्याच्या मानेवर नऊ वर्षांची वेठबिगारी टांगलेली होती तो मनुष्य, एका ठिकाणी पूर्णविराम राहिला आहे म्हणून तिच्यावर चिडला.

पुढचा क्रम ठरून गेला. रात्री त्याने मजकुराची जुळणी करावयाची; दुपारी बारा ते चार, मध्ये विसावा घेत, तिला सांगावयाचे; तिने घरी जाऊन रात्री स्वच्छ प्रत करावयाची आणि दुसऱ्या दिवशी आणावयाची. आल्याबरोबर तो प्रथम विचारी, काल किती पाने भरली, एकूण किती झाली. पानांचा आकडा वाढत चालला तसा त्याचा धीर वाढत गेला. २९ ऑक्टोबरला सांगणे संपले. चार तारखेपासून धरले तर सव्वीस दिवस. १ नोव्हेंबरला हस्तलिखित घेऊन तो स्तेल्लोव्स्कीच्या घरी गेला, तर मालक परगावी. कचेरीत गेला, तर तेथला व्यवस्थापक कागद घेईना. शेवटी रात्री दहाच्या सुमारास पोलीस ठाण्यात ते बाड जमा करून तारखेची पोच घेतली, तेव्हा कुठे मुदत पाळली गेली. पुढच्याच फेब्रुवारीत त्याने आन्नाशी लग्न केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

ही कथा चमत्कार म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. सांगणारे जी गोष्ट गाळतात ती अशी, की १८६३च्या सप्टेंबरात, म्हणजे तीन वर्षे आधी, दस्तयेवस्कीने रोमहून आपला मित्र स्त्राखोव्ह याला एक पत्र लिहिले होते. त्यात परदेशात भटकणाऱ्या, रुलेटच्या नादी लागलेल्या एका रशियन माणसाच्या कथेची योजना बऱ्याच तपशिलाने मांडलेली होती, आणि तिच्या भरवशावर तीनशे रूबलांची उचल मागितलेली होती. त्या तीन वर्षांत योजनेचे काही झाले नाही, पण साठा वाढतच होता. वीस्बाडेनच्या जुगारखान्यात त्याने पदरचे गमावलेले पैसे, प्रेयसी पोलिना सुस्लोव्हाच्या पायी सोसलेली तगमग, उधारीवर दिवस काढताना हॉटेलच्या नोकरांच्या नजरा. आन्ना पेन्सिली घेऊन आली तेव्हा कादंबरी त्याच्यापाशी होती. नव्हता तो फक्त तिला कागदावर उतरविण्याचा बंदोबस्त. त्याने तोही नेमका केला: हाती असलेली मोठी कादंबरी बाजूला ठेवली, हाताचा वेग कमी पडतो म्हणून दुसऱ्याचा हात भाड्याने घेतला, दिवसाचे तास बांधून घेतले आणि रोजच्या पानांची नोंद ठेवली. महिनाभरात लिहू पाहणाऱ्या कोणालाही यापेक्षा वेगळी तयारी करावयाची नसते.

आपल्या काळातला दाखला हवा असेल तर काझुओ इशिगुरोचा आहे, आणि तो त्याने स्वतःच २०१४ साली एका वृत्तपत्रीय लेखात सांगितलेला आहे. दुसऱ्या कादंबरीने नाव झाल्यापासून निमंत्रणे, मेजवान्या आणि टपाल यांनी त्याचे दिवस व्यापले होते. तिसऱ्या कादंबरीचे पहिले प्रकरण होऊन वर्ष लोटले तरी गाडी पुढे सरकत नव्हती. १९८७च्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याची पत्नी लोर्ना हिने ठरविले, की चार आठवडे त्याने सोमवार ते शनिवार सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत लिहिण्याखेरीज काहीही करावयाचे नाही; जेवणाला दुपारी एक तास, रात्री दोन; टपाल उघडावयाचे नाही, दूरध्वनीजवळ फिरकावयाचे नाही, घरी कोणी यावयाचे नाही. स्वयंपाक आणि घरकाम यांतला त्याचा वाटाही त्या चार आठवड्यांपुरता लोर्नाने उचलला. या प्रयोगाला दोघे 'क्रॅश' म्हणत. पहिल्या रविवारी सुटी म्हणून तो लंडनच्या सिडनहॅम भागात फिरावयास गेला आणि, रस्त्याला उतार असल्यामुळे खाली येणारे धडपडतात व वर जाणारे धापा टाकतात, या दृश्याचे त्याला खुदुखुदु हसू येऊ लागले; तेव्हा, अजून तीन आठवडे असेच जायचे आहेत, या विचाराने लोर्ना चिंतेत पडली. त्या दिवसांत त्याने वाक्ये वाईट उतरली तर उतरू दिली, संवाद फसले तर फसू दिले, कुठेच न जाणारे प्रसंग तसेच सोडून पुढची वाट धरली. चार आठवड्यांच्या शेवटी 'द रिमेन्स ऑफ द डे' बहुतेक सगळी हाती आलेली होती. परंतु या 'क्रॅश'च्या आधी इंग्रज बटलर आणि नोकरवर्गाविषयीची पुस्तके, दोन महायुद्धांमधल्या काळातले राजकारण आणि परराष्ट्रनीती, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेली इंग्लंडच्या खेड्यापाड्यांची मार्गदर्शक पुस्तके, हे सारे वाचून त्याने हातावेगळे केलेले होते.

इतरांचे उल्लेख ओझरतेच करतो. अँथनी ट्रोलप हा इंग्रज डाकखात्यातला वरिष्ठ अधिकारी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसता यावे म्हणून त्याने आपल्या मोतद्दाराला कॉफी घेऊन उठवायला येण्याबद्दल सालिना पाच पौंड जादा कबूल केले होते, आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या बेताने तो कचेरीत जाण्यापूर्वी लिहीत असे. त्याची रोजकीर्द पाहण्यासारखी आहे: अडीचशे शब्दांचे एक पान धरून आठवड्याला सरासरी चाळीस पाने, कधी वीस, आणि एकदा तर एकशे बारा. म्हणजे त्याची सरासरी आठवड्याला दहा हजार शब्दांची, तर बेटीच्या उपक्रमात ती साडेअकरा हजारांच्या वर जाते; फरक इतकाच की ट्रोलपचा नोव्हेंबर बारा महिने चाले. जॉर्ज सिमेनॉन लेखनाला बसण्यापूर्वी एका पिवळ्या पाकिटावर पात्रांची नावे, वये, पत्ते आणि घरची माणसे टिपून ठेवी, आणि एकदा बसला की आठ-दहा दिवसांत कादंबरी उठवी. दोघांच्या पद्धतीत साम्य आहे ते हे, की लिहायला बसल्यावर निर्णय घेण्याचे काम शक्य तितके कमी उरावे.

आता आपल्याकडे वळू. मराठीत घाईचे लेखन हा शब्दप्रयोग निंदेसाठीच वापरला जातो, आणि तरीही मराठीतील लेखन मुदतीच्या तगाद्याखाली झालेले फार आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्राच्या हप्त्यांतून बाहेर आल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून तर संपादकाचे श्रावणातले पहिले सौम्य पत्र, गणपतीतले दुसरे स्मरणपत्र आणि घटस्थापनेच्या सुमाराचे तिसरे निर्वाणीचे पत्र, यांच्या धाकाने शेकडो कथा आणि अंकात एकरकमी छापावयाच्या छोट्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या काही प्रतिभेची वाट पाहत बसून नव्हे. आणि भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' १९६३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तीन आठवड्यांच्या आत लिहून काढली. तिच्यामागे पुण्यामुंबईची आणि खानदेशातल्या सांगवीची किती वर्षे उभी होती हे ती वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मराठी माणसाने हा उपक्रम जसाच्या तसा उचलला तर दोन अडचणी येतात, आणि त्यांचा विचार ऑक्टोबरातच झालेला बरा. पहिली पंचांगाची. दिवाळी पुष्कळदा नोव्हेंबरातच पडते. लक्ष्मीपूजन २०२१ साली चार तारखेला होते, २०२३ साली बारा तारखेला. पाहुणे, भाऊबीज, घराची साफसफाई आणि फराळाचे पदार्थ यांतून रोज सोळाशे सदुसष्ट शब्द काढणे पुरुषालाही जड जाते. आणि ज्या घरात चकलीची भाजणी दळण्यापासून करंजीच्या सारणापर्यंत सगळे एकाच बाईच्या अंगावर पडते, तिथे तिने कादंबरी लिहावी असे म्हणणे म्हणजे घरच्यांनी आधी आपापल्या वाट्याचे काम उचलण्याचा मुचलका लिहून दिला पाहिजे, असे म्हणणे आहे. लोर्ना इशिगुरोचा हिस्सा म्हणून मी मुद्दाम सांगितला. एरवी नोव्हेंबरला काही धार्मिक पावित्र्य नाही. बेटीने तो वाईट हवेसाठी निवडला. आपल्याकडे घरात कोंडणारी हवा म्हणजे आषाढातली, म्हणजे नेमका तो जुलै, जो त्याने टाकून दिला. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने आषाढच धरावा.

दुसरी अडचण मोजणीची. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत ज्याला दोन-तीन शब्द लागतात ते 'घरात' एवढ्या एका शब्दात होते, 'माझ्याबरोबर', 'आल्यानंतर' यांचीही तीच गत. परिणामी तेवढ्याच मजकुराची शब्दसंख्या मराठीत बरीच कमी भरते, आणि पन्नास हजार मराठी शब्दांचा संकल्प करणारा इंग्रजी लेखकापेक्षा जास्त लांबीची कादंबरी अंगावर घेतो. कोणी चाळीस हजारांवर थांबला तर मी त्याला पराभूत मानणार नाही. किंबहुना हाताने लिहिणाऱ्याने शब्द मोजूच नयेत. फुलस्केप कागदाची रोज पाच-सहा पाने, हा जुना शिरस्ता चांगला होता.

आता बेगमी म्हणजे प्रत्यक्ष काय जमवावयाचे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा कादंबरी घडते मुंबईच्या गिरणगावातील एका चाळीत, १९८२च्या संपाच्या काळात. संप १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो मागे घेतल्याची घोषणा रीतसर कधी झालीच नाही: एवढे तर कोणत्याही पुस्तकात मिळते, आणि एवढ्यावर कादंबरीचे पहिले पानसुद्धा भरत नाही. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा किती वाजता होई आणि त्या वेळी चाळीतल्या नळाला पाणी असे की नसे? साचाखात्यातल्या आवाजात माणसे एकमेकांशी ओठांच्या हालचालींनी आणि हातांच्या खुणांनी बोलत, तर असा माणूस घरी आल्यावर मोठ्याने बोलतो की अगदी थोडे? बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी जाऊन उभा राहायचा. संप लागल्यावर ती सकाळ त्याने कशी घालविली? एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गाववाल्यांपैकी साताऱ्याकडचे आणि कोकणातले गावी निघून गेल्यावर त्या खोलीचे भाडे कोणी भरले? खाणावळवाल्या बाईने उधारी किती आठवडे चालू दिली, आणि ती बंद केली तेव्हा कोणत्या शब्दांत? दागिना प्रथम कोणाच्या अंगावरचा गेला?

या प्रश्नांची उत्तरे नोव्हेंबरात शोधू लागले की महिना गेलाच म्हणून समजावे. ऑक्टोबरात ती शोधण्यात सुखही असते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडच्या हकीकती संकलित करून मोठा ग्रंथ सिद्ध केला आहे, तो वाचावा. ग्रंथालयात बसून त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि सिनेमांची वेळापत्रके चाळावीत, कारण बातम्यांपेक्षा त्यांतच काळ अधिक सापडतो. एखादा जुना साचेवाला भेटला तर त्याला संपाविषयी न विचारता डब्यात काय असे ते विचारावे. मग एका कागदावर चाळीचा नकाशा काढावा, खोल्यांना क्रमांक द्यावेत, आणि कोणत्या खोलीतून कोणती ऐकू येते ते लिहावे. पात्रांची नावे, वये, पगार, कर्जे आणि एकमेकांशी असलेली नाती एका पानावर असावीत. नायकाची जन्मतारीख तिसऱ्या प्रकरणात वेगळी आणि दहाव्यात वेगळी होण्याचा मान पुष्कळ मोठ्या कादंबऱ्यांनाही मिळालेला आहे. आणि एवढे करूनही लिहिताना काही अडलेच तर तिथे समासात फुली मारून पुढे जावे. फुल्यांचा हिशेब डिसेंबरात.

घटनांचा आराखडा किती करावा याविषयी मी एकच आग्रह धरीन. अनुभव असा आहे की पहिला आठवडा उत्साहावर निघतो, आणि दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांची नाव रुतते. बेटीच्या स्पर्धकांत हा दुसरा आठवडा कुप्रसिद्धच होता. कारण साधे आहे. नवशिक्याने कादंबरीचा आरंभ मनात शंभर वेळा घोळविलेला असतो, शेवटाचीही एखादी अंधुक कल्पना असते, पण मधल्या प्रदेशाचा त्याला पत्ताच नसतो. आठवड्यात आरंभ संपतो आणि समोर माळरान उघडते. म्हणून ज्याला थोडीच आखणी करावयाची आहे त्याने आरंभाची मुळीच करू नये, तो आपोआप येतो. मधले चार-पाच प्रसंग मात्र इतके पक्के करून ठेवावेत की कोणत्याही दिवशी, क्रम सोडून, त्यांतला एखादा लिहावयास घेता यावा. संपाच्या कादंबरीत, उदाहरणार्थ, नवऱ्याच्या नकळत बायको पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाते तो दिवस. किंवा लपूनछपून कामावर परतलेल्या शेजाऱ्याच्या दारावरून जाताना प्रत्येक जण काय करतो तो जिना.

राहता राहिला घरचा आणि मनाचा बंदोबस्त. बेटीचा सल्ला असा, की आपण कादंबरी लिहिणार आहोत हे शक्य तितक्या लोकांना आधीच सांगून टाकावे, म्हणजे माघार घेताना लाज वाटेल. मराठी समाजात हा उपाय जपून करावा, कारण आपल्याकडे लोक लाज देण्याचे काम मुदत संपेपर्यंत थांबवीत नाहीत. दोघांना सांगितले तरी पुरे: एकाने विचारावयाचे, 'आज किती झाली?' आणि दुसऱ्याने काहीही न विचारता चहा आणून ठेवावयाचा. याहून अवघड बंदोबस्त आपल्याच आतल्या त्या कारकुनाचा, जो प्रत्येक वाक्य उतरताच त्याच्यावर शेरा मारतो. त्याला महिनाभराची भरपगारी रजा द्यावी. तो परत येणारच आहे, आणि तेव्हा त्याची गरजही लागणार आहे. ज्या पूर्णविरामासाठी दस्तयेवस्की चिडला तो पूर्णविरामही महत्त्वाचाच होता.

संस्था का बंद पडली याची चर्चा इथे लांबवीत नाही. अल्पवयीन सभासदांच्या सुरक्षिततेविषयी २०२३ साली गंभीर तक्रारी झाल्या. २०२४च्या सप्टेंबरात, यंत्राकडून लेखन करवून घेण्याला सरसकट विरोध करण्यात वर्गीय अहंकार आहे अशा आशयाचे निवेदन संस्थेने काढले आणि त्यावरून काही नामवंत लेखकांनी तिच्याशी संबंध तोडले. पैशाची ओढाताण होतीच. ज्या स्पर्धेचे सारे बक्षीस स्वतः लिहिल्याच्या समाधानात होते, तिने स्वतः न लिहिण्याची तरफदारी करावी, याचे मला आकलन झालेले नाही. पण पन्नास हजार आणि तीस हे दोन आकडे कोणाच्या मालकीचे नाहीत, आणि संस्था गेल्यावरही नोव्हेंबरात लिहिणारे लिहीतच आहेत.

ज्यांना शेवटी छापील पुस्तकाची आस आहे त्यांनी मात्र महिन्याच्या शेवटी जे हाती येते त्याला खर्डा म्हणावयास शिकावे. एरिन मॉर्गेनस्टर्नच्या 'द नाइट सर्कस'चा उल्लेख या उपक्रमाचे यश म्हणून नेहमी होतो. पण तिच्यावर एकाहून अधिक नोव्हेंबर खर्ची पडले, त्यानंतर ती मुळापासून पुन्हा लिहावी लागली, आणि २०११ साली बाहेर आली. आपल्याकडच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना या गोष्टीची कल्पना असावी, कारण त्यांतील काही जण, मजकूर कार्तिकात पुरा झाला असला तर पुढच्या श्रावणापूर्वी आमच्याकडे पाठवू नका, असे आडवळणाने सुचवितात. मधल्या आठ-नऊ महिन्यांत पहिला महिनाभर तो खर्डा कपाटात ठेवावा, संक्रांतीनंतर काढून एका बैठकीत वाचावा, समासातल्या फुल्या एका वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात आणि प्रथम त्यांची उत्तरे भरावीत. त्यात पहिल्या आठवड्यात लिहिलेली पाने बहुधा सगळ्यांत आधी कापावी लागतील.